उन्हाला बसायची जागा

दिवाळीचे आकाशकंदील अजून उतरलेले नसतात, तोवर तिसगावच्या पुढे डोंगराकडेच्या गावांतून ट्रॅक्टर निघायला लागतात. ट्रॉलीत भांडी, गोधड्या, पिठाचे डबे, एखादी शेळी, आणि या सगळ्यावर बसलेली माणसं. कुणी श्रीगोंद्याकडे जातं, कुणी त्याच्याही पलीकडे. जिथे तोडायला ऊस उभा असेल तिथे. यंदाही गेले. मी नगरहून येऊन एस.टी.तून उतरलो तेव्हा शेवटची ट्रॉली वळणावर दिसेनाशी होत होती आणि तिची धूळ अजून खाली बसायची होती. त्या धुळीतून आडवं आलेलं सकाळचं ऊन पाहिलं आणि मनात आलं, चला, आपला ऋतू सुरू झाला.

'आपला' म्हणण्याचा माझा हक्क तसा जावयाचा. हे सुनंदाचं माहेर. लग्नानंतर कितीतरी वर्षं मी इथे फक्त उन्हाळ्यात आलो, लग्नकार्यांना. तेव्हा गाव भरलेलं असायचं. बँजो, पंगती, बुंदी, पिण्याच्या पाण्याची ओढाताण, आणि डोकं फुटेल असं ऊन. सुनंदा मात्र हिवाळ्यात एकटी येऊन जायची. परत आली की माहेरच्या उन्हाची फुशारकी मारायची. आपण शहरातली माणसं उन्हात फक्त कपडे वाळत घालतो, म्हणायची, माझ्या गावात माणसं उन्हाला बसतात.

मी आर्किटेक्ट आहे. नगरमध्ये बंगले, दवाखाने, एखादं मंगल कार्यालय, असली कामं करत आलो. उन्हाचा विचार मी खिडकीला छज्जा किती काढायचा एवढ्यापुरता करत असे. सुनंदाचं बोलणं मी हसून ऐकायचो आणि पुन्हा पुस्तकात डोकं घालायचो.

ती गेली ते श्रावणात. त्याबद्दल फार लिहीत नाही. ज्यांच्या घरात आजारपण लांबलं आहे त्यांना ते माहीत असतं, आणि ज्यांच्या घरात नाही त्यांना ते न कळो. त्या वर्षी दिवाळीनंतर नगरच्या घरात बसवेना. इकडे माझा मेव्हणा अंकुश आणि त्याची बायको नेहमीप्रमाणे निघाले होते. अंकुश श्रीगोंद्याच्या बाजूला उसाचा ट्रॅक्टर चालवतो. मागे सासूबाई एकट्या. त्यांना मी लग्नापासून आत्या म्हणतो. थोडे कपडे आणि पुष्कळ पुस्तकं घेऊन मी त्यांच्याकडे राहायला आलो. कुणी कुणाला सोबत करायची हे आम्ही ठरवलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात मी पहिल्यांदा रिकामं गाव पाहिलं. निम्म्या दारांना कुलपं, अंगणांच्या तोंडाशी आडव्या टाकलेल्या बाभळीच्या काटक्या. सकाळ इतकी शांत की दूरवर कुणी कोंबडीला हाकललं तरी ऐकू यावं. उरलेली माणसं म्हणजे म्हातारेकोतारे आणि शाळेतली पोरं. पोरं शाळेत गेली की म्हातारी माणसं घरातून बाहेर येत आणि उन्हाला बसत. एकेकटी. कुणी उंबऱ्यावर, कुणी पाण्याच्या टाकीला टेकून, कुणी बंद दुकानाच्या पायरीवर. ऊन सरकलं की उठायचं, चार पावलं जायचं, पुन्हा बसायचं. एकमेकांशी बोलायचं तर रस्त्याच्या या कडेवरून त्या कडेला ओरडावं लागे, आणि ऐकू कमी येत असल्यामुळे तेही सोडून दिलेलं.

पूर्वी असं नव्हतं. जुन्या शाळेची मागची भिंत काळ्या दगडाची होती, तोंड उगवतीला. सगळे तिथे ओळीनं बसत. नवी शाळा बांधताना ती भिंत पाडली आणि तिचे दगड रस्त्याच्या भरावात गेले. भिंत पाडताना कुणालाच वाटलं नाही की आपण काही पाडतो आहोत.

त्या भिंतीला सुनंदा आणि आत्या शेजारी बसत. एकीकडे शेंगा फोडायच्या आणि दुसरीकडे येणाऱ्या-जाणाऱ्याची थट्टा. आत्यांचा आवाज गावात प्रसिद्ध होता. पण मी राहायला गेलो तेव्हा त्या माजघरात बसून असत. स्वयंपाक करत, मला वाढत, ज्वारी निवडत. सगळं आतल्या अंधारात, हलक्या आवाजात. 'आत्या, अंगणात या, छान ऊन पडलंय,' म्हटलं की एकच उत्तर.

"मला ऊन सोसत न्हाई आता, पाव्हणं."

थंडीनं त्यांचे गुडघे आखडत. तरी नाही. मी दाराशी बसून वाचत असे आणि पान उलटताना आत पाहत असे. पुस्तकात काय चाललं होतं ते मला आता आठवत नाही.

गावाला सभामंडप मंजूर झालेला होता. अंकुश ग्रामपंचायतीचा सदस्य. निघताना तो मला फोनवर म्हणाला होता, "दाजी, नकाशा तुमीच काढा. बाहेरच्याला कशाला द्यायचा? ताईचं गाव हाय, तिला शोभंल असं करा." त्याच्या डोळ्यांपुढे काय होतं ते मला माहीत होतं: वर स्लॅब, खाली चकचकीत फरशी, पुढे रंगीत कमान, लोखंडी गेट. तशाच धर्तीचा एक नकाशा मी नगरला काढूनही ठेवला होता, थोडा सुबक करून. लग्नाची पंगत किती बसेल याचा हिशेब त्यात चोख होता. पण आता या रिकाम्या गावात बसून तो उघडला तेव्हा लक्षात आलं की हा वैशाखातल्या गावाचा नकाशा आहे. बाकीचे सहा महिने जे गाव इथे उरतं, त्याचा यात पत्ताच नाही.

मी तो गुंडाळून ठेवला. कितीतरी दिवसांनी हात शिवशिवले.

कोडं मोठं गोड होतं. एकाच छपरानं वैशाखात सावली द्यायची आणि मार्गशीर्षात ऊन आत घ्यायचं. सूर्य स्वतःच यात मदतीला येतो. उन्हाळ्यात तो दुपारी डोक्यावर असतो, तेव्हा छपराखाली शिरतच नाही. हिवाळ्यात तो दक्षिणेकडे झुकून चालतो, तेव्हा छपराची कड योग्य उंचीवर असेल तर खालून वाकून थेट आत येतो. मागच्या भिंती उत्तरेचा गार वारा आणि पश्चिमेची झळ अडवतील. पूर्व आणि दक्षिण मोकळी. ठरलेल्या जागेच्या पश्चिमेच्या अंगाला मोठा कडुनिंब उभाच होता. उन्हाळ्यातली तिसऱ्या प्रहराची सावली तो बघून घेईल. पुस्तकात हे सगळं मी विद्यार्थी असताना वाचलं होतं. उन्हात उभं राहून ते पहिल्यांदा कळलं.

मी कागद बाजूला ठेवून जागेवर काम सुरू केलं. ओढ्याकाठच्या मोकळ्या माळावर बांबू रोवले, त्यावर तुराट्यांचं छप्पर टाकलं. वर-खाली करता येईल असं, दोरीनं बांधलेलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत सावलीची कड कुठे येते तिथे फक्कीनं रेघ मारत गेलो. गावाला करमणूक झाली. आत्यांची शेजारीण भागूबाई पहिल्या दिवसापासून येऊन बसली. ती आणि आत्या एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आलेल्या, आणि तेव्हापासून रोज भांडत आलेल्या.

"काय ओ पाव्हणं, कबड्डीचं मैदान आखताय जनू?"

"उन्हाच्या रेघा मारतोय, भागूमावशी."

"उन्हाला रेघ कळती व्हय?" ती जवळच्या म्हाताऱ्यांकडे वळून म्हणाली, "लई शिकल्यावर असं हुतं बगा."

पण ती बसली. दुसऱ्या दिवशी आणखी दोघं आली, मग आणखी. मला हेच हवं होतं. ती कुठे बसतात, केव्हा उठतात, कुणीकडे पाठ करतात, हे पाहून मी छपराची कड उचलत किंवा उतरवत होतो. पाठ टेकायला काहीतरी लागतं, मागून वारा लागता कामा नये, आणि रस्ता दिसला पाहिजे. रस्ता दिसला नाही तर बोलायचं कशावर? हे मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नव्हतं. ओटा किती उंच घ्यायचा हे भागूबाईच्या गुडघ्यांनी ठरवलं. त्या दिवसांत मी सुनंदाशी मनातल्या मनात पुष्कळ बोललो, आणि त्या बोलण्यात पहिल्यांदाच दवाखाना नव्हता. तुझं ऊन मला सापडलं, असं सांगत होतो.

रोज घरी येऊन आत्यांना सांगायचो, आज कोण आलं होतं, कोण काय म्हणालं. त्या ऐकून घेत. भागूबाईचं नाव निघालं की ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलायचं. पण बाहेर यायच्या नाहीत. छप्पर नीट जमलंय हे मला सावलीच्या रेघांवरून कळत होतं. तरी खरी परीक्षा माझ्या लेखी एकच होती: आत्या येऊन उन्हाला बसतात की नाही. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं माणूस नव्हतं.

पाडव्याच्या आगेमागे माणसं परत आली आणि ग्रामसभेत नकाशा मांडला. सगळ्यांत मोठी हरकत छपरावर आली. मागच्या भिंतीवर मी छप्पर टेकवलंच नव्हतं. छप्पर खांबांवर, आणि भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये हातभर फट, लांबच लांब. त्या फटीतून वरचं ऊन भिंतीवरून खाली उतरावं आणि काळा दगड दुपारी आतून उजळावा, अशी माझी कल्पना.

"दाजी," अंकुश माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "ही जागा ऱ्हायलीय का भरायची?"

"राहिली नाही. ठेवलीय."

"लोक मला इचारतील, जावयानं भिंत कमी का बांधली म्हून."

"सांग, उजेडासाठी सोडलीय."

"उजेडासाठी टूबलाइट आस्ती की ओ दाजी."

सभा हसली. मीही हसलो. मागून भागूबाई उठून उभी राहिली आणि म्हणाली, "आरं, तुमी निम्मं साल हितं नस्ता. आमी आस्तो. आमाला इचारा की." मग तिनं हात नाचवत माझं छप्पर सभेला समजावून सांगितलं, थंडीत ऊन कुठून येतं आणि उन्हाळ्यात कसं येत नाही ते. मी समजावलं असतं त्यापेक्षा थोडं चुकीचं आणि पुष्कळ चांगलं. कमान रद्द झाली, फट राहिली.

पुढच्या हिवाळ्यात, पौष संपता संपता काम पुरं झालं. डोंगराच्या काळ्या दगडाच्या दोन भिंती, खाली शहाबादी फरशी, भिंतीला लागून रुंद ओटा, वर पत्र्याचं हलकं छप्पर आणि त्याच्या पोटाला बांबूची चटई, म्हणजे पत्रा तापून खाली झळ येऊ नये. पाऊस फटीतून येईल तो पन्हळीतून कडुनिंबाच्या मुळाशी जातो. अंगावर पाटी नाही, रंग नाही. पहिल्या सकाळी मी एकटाच आत उभा राहिलो. ऊन पूर्वेच्या कडेखालून सरळ आत शिरलं, फरशीवरून चालत गेलं, ओट्यावर चढलं आणि भिंतीला जाऊन टेकलं. मी मोठ्यानं हसलो. माझं शिक्षण, माझं वय, अंगावरचं दुःख, सगळं बाजूला ठेवून पोरासारखा हसलो.

उद्घाटनाचा दिवस म्हाताऱ्यांनीच ठरवला. "आमच्यासाठी हाय तर आमी आस्ताना करा," म्हणाले. रथसप्तमी. त्या दिवशी इथल्या बाया अंगणात गोवऱ्या पेटवून मातीच्या बोळक्यात दूध ठेवतात, सूर्याकडे तोंड करून, आणि ते मुद्दाम उतू जाऊ देतात. भागूबाईनं फतवा काढला की यंदा कुणी आपल्या अंगणात करायचं नाही, सगळ्यांनी मंडपात यायचं. मी आत्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "तुमी जावा. माझं दूध मी घरी करीन."

अंकुश त्यासाठी खास श्रीगोंद्याहून दोन दिवसांची सुट्टी काढून आला. आदल्या संध्याकाळी मी बाहेरगावी होतो, सकाळी उजाडताना पोचलो, आणि पाहिलं तर माझा मंडप दिसेना. अंकुशनं मंडपात मंडप घातला होता. लाल-पिवळ्या कापडाचं छत, त्याला झालरी, चारी बाजूंनी पडदे, पूर्वेला पाहुण्यांचं स्टेज आणि स्टेजमागे आडवा भला मोठा पडदा. भिंतीवरची फट कापडानं नीट झाकलेली. आत अंधार आणि त्यात मिणमिणत्या रंगीत बल्बांच्या माळा.

"कसंय, दाजी?" अंकुशचा चेहरा फुलला होता. "तिसगावचा मंडपवाला हाय. ताईच्या कामाला शोभा नको? पिवळा रंग मुद्दाम सांगितला. तिला आवडायचा."

 इथे कुठलंही कार्य असलं की कापड लागतंच. देवळातही लागतं, नव्या घरातही लागतं. कापडाशिवाय कार्य उघडंबोडकं दिसतं. त्यानं बहिणीवरच्या मायेनं केलं होतं, आणि त्याच मायेनं ते ऊन बाहेर बंद करून टाकलं होतं. मी "छान" म्हणालो आणि कडुनिंबाखाली जाऊन उभा राहिलो.

बाया बोळकी आणि गोवऱ्या घेऊन आल्या आणि दाराशी थबकल्या. मंडपवाला आडवा झाला.

"आत पेटवायचं न्हाई. माझं कापड जळंल."

"मंग कुठं पेटवायचं?" भागूबाई म्हणाली.

"तिकडं बाहेर, रस्त्याला."

"आन् आत काय करायचं? भाषनं ऐकायची?"

"मावशी, कापड भाड्याचं हाय."

"आन् सूर्य काय भाड्याचा हाय व्हय रं? अंकुश! हिकडं ये. पाव्हन्यांनी साल घालवलं ह्या उजेडापायी, आन् तू वरून पांघरून घातलंस?"

गलका वाढला. आत्यांचं घर तिथून हाकेवर. त्यांच्या दाराशी हालचाल दिसली. डोक्यावरून शाल घेतलेल्या, एका हातानं चौकट धरलेल्या.

"भागे, सकाळी सकाळी कुनाशी भांडतीस?"

"तुझ्या लेकाशी! तूच ये आन् बघ काय करून ठिवलंय!"

आत्यांनी शाल सावरली. मग उतरल्या. आखडलेल्या गुडघ्यांनी, हळूहळू, रस्ता ओलांडून आल्या. बाया बाजूला झाल्या. त्यांनी पडदा चिमटीत धरून पाहिला आणि आत डोकावल्या.

"हे कोनी बांधलं?"

"मीच, आये," अंकुश म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "ताईसाठी."

आत्या त्याच्याकडे पाहत राहिल्या. राग नव्हता त्यात.

"तुझ्या ताईला तू कधी अंधारात बसलेली बघितलीस का रं?"

अंकुशनं पडद्याकडे पाहिलं. 

"काढ," आत्या म्हणाल्या.

पहिली गाठ अंकुशनं स्वतः सोडली. मंडपवाला कुरकुरत शिडी घेऊन आला, पण अंकुश स्टेजवर चढलाच होता. पूर्वेचा मोठा पडदा एकदम सुटून खाली आला आणि ऊन आत गेलं. बायांच्या डोक्यांवरून, फरशीवरून, ओट्यापर्यंत, भिंतीपर्यंत. कुणीतरी "आगंबया" म्हणालं. मग स्टेज हललं, झालरी उतरल्या, फट मोकळी झाली, आणि बाया आत शिरून जागा धरू लागल्या. गोवऱ्यांचा धूर उन्हाच्या पट्ट्यात निळा होऊन वर गेला आणि फटीतून बाहेर पडला. धुराला तिथून वाट मिळेल हे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं.

आत्यांचं बोळकं घरी राहिलं होतं. भागूबाईनं आपल्यातलं निम्मं दूध दुसऱ्या बोळक्यात ओतून त्यांच्यापुढे ठेवलं. "घे. उसनं हाय, परत पायजे." आत्या उन्हात बसल्या. दूध चढत आलं, काठाशी थरथरलं आणि पूर्वेच्या अंगानं उतू गेलं. पूर्वेला गेलं की साल चांगलं जातं म्हणतात. बायांनी एकच कल्ला केला. अंकुश कडुनिंबाच्या बुंध्याला टेकून डोळे पुसत होता. मी त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. "दाजी," तो म्हणाला, "फट ठेवली ते बरं केलं." पाहुणे आले तेव्हा त्यांना ओट्यावर, म्हाताऱ्यांमध्ये जागा करून दिली. भाषण लहान झालं. डोळ्यांवर ऊन येत होतं.

आता हे लिहितो आहे ते त्याच ओट्याच्या टोकाला बसून. मी सावकाश लिहितो, आणि इथे तर फारच सावकाश, कारण मधूनमधून कुणीतरी 'काय लिवताय' म्हणून विचारतं. उन्हाळ्यात इथे दोन लग्नं झाली आणि भर दुपारी पंगत सावलीत बसली. भिंतीतल्या दोन दगडांमध्ये चिमण्यांनी घर केलं. सुनंदाची आठवण येते तशी येतेच. पण आली तरी उठून आत जावंसं वाटत नाही.

रथसप्तमी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मला धाकधूक होती. सणाला माणूस कुठेही येतं. खरं काय ते सण सरल्यावर कळतं. सकाळी जागा झालो तर माजघर रिकामं, चुलीवर चहा झाकून ठेवलेला. तसाच बाहेर पडलो. मंडप दिसण्याआधी आवाज ऐकू आला.

"ऊठ. माझी जागा हाय ही."

"तुझं नाव लिवलंय का हितं?"

"माझ्या जावयानं बांधलंय."

"मंग जावयाच्या मांडीवर बस. मी पैली आले."

"पैली आलीस ते माझा कोंबडा आरवला म्हून. ऊठ, भागे."

मी पोचलो. ओट्याच्या पूर्वेकडच्या टोकाला, जिथे ऊन सगळ्यांत आधी येतं आणि रस्ता थेट फाट्यापर्यंत दिसतो, तिथे भागूबाई मांडी ठोकून बसलेली आणि आत्या कमरेवर हात ठेवून पुढ्यात उभ्या. शाल खांद्यावर घसरलेली, तोंड उन्हानं लाल.

"पाव्हणं, तुमीच सांगा," भागूबाई म्हणाली, "कुनाची जागा?"

"आत्या, त्या जरा सरकल्या तर दोघी मावाल."

दोघी एकदम माझ्याकडे वळल्या.

"तुमी गप बसा!"

मी गप बसलो. आत्यांचा आवाज ओढ्याच्या पलीकडे जात होता.